कॅनन ५० मिमी एफ/१.८ एसटीएम: घरातल्या कुत्र्याच्या फोटोंसाठी कितपत कामाची?

संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ मिमी किट लेन्सने काढलेला कुत्र्याचा फोटो बहुतेक वेळा हललेलाच येतो. ५५ मिमीला तिचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र, आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. २०१५ साली आलेली ही जेमतेम १६० ग्रॅमची लेन्स तिथे जवळपास दहापट उजेड आत घेते. म्हणजे त्याच आयएसओला (सेन्सरच्या उजेड-संवेदनशीलतेला) १/२५ सेकंदाऐवजी १/२५० चा शटर स्पीड मिळतो, आणि उड्या मारणाऱ्या कुत्र्याला तेवढा हवाच. स्टॅबिलायझेशन नाही म्हणून नाकं मुरडणारे बरेच आहेत. पण त्याने आपला हात सावरला जातो, कुत्रा नाही.

एफ/१.८ आहे म्हणून सारखं तेच लावू नका. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) एक मीटरवरून फोकसची खोली फक्त अडीच सेंटिमीटर भरते. लॅब्रॅडॉरचा डोळा लख्ख, नाक पुसट. दीड मीटरवर जाऊन एफ/२.८ केलं की खोली नऊ-साडेनऊ सेंटिमीटर होते, थोबाड बऱ्यापैकी आत येतं. आयएसओ खुशाल ३२०० करा. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो.

काळ्या कुत्र्यावर लेन्स पुढेमागे चाचपडत राहते, कारण केसांत कॉन्ट्रास्टच नसतो. मधला फोकस पॉइंट डोळ्यातल्या चमकेच्या कडेवर धरा आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -२/३ ठेवा, म्हणजे फोटो थोडा गडद येतो. नाहीतर काळ्याचं राखाडी करायच्या नादात कॅमेरा शटर हळू करतो. स्वस्त एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे आले तर दोष लेन्सचा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. कुत्रा बसलेला असेल तर १/१०० वर या, नाहीतर दिवा बदला. समोरून फ्लॅश नकोच, डोळे हिरवे-पिवळे चमकतात.

खरी अडचण जागेची. क्रॉप सेन्सरवर दोन मीटरवरून चौकटीत जेमतेम ८९ सेंटिमीटर रुंदी मावते. पसरून झोपलेला लॅब्रॅडॉर त्यात बसत नाही, आणि वन-बीएचकेच्या हॉलमध्ये मागे सरकावं तर भिंत. अशा घरात क्रॉप कॅमेऱ्यासाठी २४ मिमी एफ/२.८ एसटीएम बरी, उजेड निम्म्याहून कमी मिळत असला तरी.

फोकस होताना मोटर बारीक घरघरते. कान टवकारले जातात, तो फायदाच समजा. मात्र पुढची नळी बाहेर येते आणि ओलं नाक थेट काचेला लागतं. ईएस-६८ हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं कडं) वेगळं विकत घ्यावं लागतं, पण घ्याच.