जुना ॲम्प्लिफायर, नवा टीव्ही: हेडफोन जॅक, ऑप्टिकल की एचडीएमआय?

ॲम्प्लिफायर जुना पण ठणठणीत, स्पीकर तर आजच्या साउंडबारला लाजवतील असे. अडचण एवढीच, की नव्या टीव्हीच्या मागे लाल-पांढऱ्या पिनांची ऑडिओ आउटची जागाच नाही. दुकानात गेलात की बोलणं सुरू होतं केबलच्या किमतीवरून. टीव्हीतला आवाज आकड्यांच्या रूपात असतो. मी आधी एवढंच विचारेन: त्या आकड्यांचा आवाज कोण करणार, टीव्ही की बाहेरची डबी?

सीडीवर प्रत्येक चॅनेलचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे लहरीची मोजमापं, असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा, म्हणजे ६५,५३६ पातळ्यांपैकी एक. टीव्ही-सिनेमाचा आवाज बहुधा ४८,००० नमुन्यांचा. स्पीकरला मात्र सतत वरखाली होणारा व्होल्टेज लागतो, आणि आकड्यांपासून तो तयार करणं हे डॅकचं, म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टरचं काम. त्यातून पायऱ्यापायऱ्यांचा आवाज निघतो, हा समज चुकीचा आहे. डॅकमधला फिल्टर त्या पायऱ्या गाळून टाकतो, आणि माणसाला ऐकू येणाऱ्या २०,००० हर्ट्‌झपर्यंतची लहर सलग मिळते. आज साध्या डबीतली चिपसुद्धा हे नीट करते. म्हणून 'महागडा डॅक' या चर्चेत मी फार रमत नाही. फरक पडतो तो जोडणीने.

हेडफोन जॅक वापरला तर रूपांतर टीव्हीच्या आत होतं. ३.५ मिमीची एक केबल पुरते आणि आवाज टीव्हीच्या रिमोटवरच राहतो. टीव्हीचा आवाज बऱ्यापैकी वर आणि ॲम्प्लिफायरचा खाली ठेवा, नाहीतर टीव्हीची खरखरही मोठी होऊन ऐकू येते. या जोडणीचा खरा शत्रू म्हणजे ग्राउंड लूप, अर्थिंगच्या दोन वाटांमुळे तयार होणारा विजेचा फेरा. टीव्हीला केबलवाल्याची वायर आली असेल आणि ॲम्प्लिफायरचं अर्थिंग वेगळ्या वाटेने जात असेल, तर स्पीकरमधून ५० हर्ट्‌झची घुंई सुरू होते.

ऑप्टिकल इथेच जिंकतं. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या या जोडणीत प्लास्टिकच्या तंतूतून लाल प्रकाश जातो, वीज जातच नाही. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर विजेच्या दृष्टीने सुटे होतात आणि घुंई बहुतेक वेळा बंद पडते. डॅकची डबी मात्र घ्यावीच लागते, आणि तिला स्वतःचा वीजपुरवठा हवा. एका टोकाला ऑप्टिकल आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना असलेली नुसती केबल कोणी विकत असेल तर घेऊ नका. प्रकाशाचा व्होल्टेज करायला मध्ये सर्किट लागतंच.

डबी लावूनही आवाज आला नाही, किंवा नुसती खरखर आली, तर डबी परत करण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम', म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज, करा. 'डॉल्बी' किंवा 'बिटस्ट्रीम'वर, म्हणजे दाबून पाठवलेल्या आवाजावर, असेल तर साध्या डबीला तो आवाज उलगडता येत नाही. डबीच्या पिना ॲम्प्लिफायरच्या 'ऑक्स' किंवा 'सीडी'मध्ये घाला, 'फोनो'मध्ये नको. ती जागा रेकॉर्ड प्लेयरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असते. आणखी एक गैरसोय: ऑप्टिकलची पातळी बहुतेक टीव्हींत ठरलेली असते, त्यामुळे आवाज कमी-जास्त करायला ॲम्प्लिफायरकडे जावं लागतं.

घरात आजी-आजोबा असतील आणि दुसरा रिमोट नको असेल, तर एचडीएमआय एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून बाहेर पाठवण्याची सोय, घेणारी डॅकची डबी बघा. ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे. सीईसी, म्हणजे एचडीएमआयमधून एका रिमोटने दुसरं उपकरण चालवण्याची सोय, चालू असेल आणि डबी ते मानत असेल, तर आवाज टीव्हीच्या रिमोटने बदलतो. केबल 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टमध्येच लावायची. बाकीच्या पोर्टमधून आवाज बाहेर येत नाही. इथे पुन्हा तांब्याची तार आली, म्हणजे घुंईची शक्यताही आली. एआरसीच्या सुधारित आवृत्तीसाठी, म्हणजे ईएआरसीसाठी, जादा पैसे मोजू नका, दोन स्पीकरना त्याचा उपयोग नाही.

ब्लूटूथ गाण्यांपुरतं ठीक. सिनेमात ओठ आधी हलतात आणि संवाद मागून येतो, मग चिडचिड होते.

माझा क्रम असा: आधी हेडफोन जॅक लावून बघा, घुंई आलीच तर ऑप्टिकल. डबी मागवण्याआधी ॲम्प्लिफायरच्या मागेही एकदा नजर टाका. तिथे 'ऑप्टिकल इन' असेल, तर डॅक त्याच्या पोटातच आहे आणि खर्च फक्त केबलचा.