फुकटचं वाइन टेस्टिंग आणि दीड लाखाची मेंबरशिप

दक्षिण गोव्यात कोलवा, बाणावली, वार्का या पट्ट्यात नवरा-बायको फिरत असाल, तर स्कूटरवरचा एखादा गोड बोलणारा मुलगा तुम्हाला गाठणार हे धरूनच चाला. त्याच्या हातात स्क्रॅच कार्डं असतात. मित्रांचं टोळकं, एकटादुकटा माणूस, कॉलेजची पोरं यांच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. त्याला जोडपंच लागतं, तेही लग्न झालेलं, तिशी ओलांडलेलं आणि क्रेडिट कार्ड बाळगणारं. दोघं सोबत असली की "घरी विचारून सांगतो" ही पळवाट उरत नाही. सुट्टीच्या मेंबरशिपचा, म्हणजे टाइमशेअरचा (आधी मोठी रक्कम भरायची आणि दरवर्षी काही रात्री खोली मिळवायची), सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे.

लेकीची बारावी आटोपली आणि आम्ही दोघंच एप्रिलमध्ये गोव्याला गेलो. काही बघायचंच असा हट्ट नव्हता. सकाळी किनाऱ्यावर चालायचं, मग चांदरला ब्रागांझांचं जुनं घर बघायचं, कॅव्हेलोसिमहून फेरीबोटीत स्कूटर चढवून साळ नदीपलीकडे असोळण्याला उतरायचं आणि काब-द-रामच्या किल्ल्यावर ऊन कलेपर्यंत बसायचं. एप्रिल म्हणजे हुर्राकचे दिवस. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली धार म्हणजे हुर्राक, तीच पुन्हा गाळली की फेणी. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वरून लिम्का. माझा नवरा नाशिकचा, त्यातून त्याच्या मामांकडे वाइनची द्राक्षं. तेव्हा पिण्याच्या बाबतीत त्याला चवीढवीचं कौतुक फार. आमचा हा कच्चा दुवा त्या मुलाने पाच मिनिटांत हेरला.

"दादा, नाशिकचे का? मी सावंतवाडीचा." गोव्यात कुणी मराठीत हाक मारली की आपण थांबतोच. दोघांना एकेक कार्ड दिलं. नवऱ्याच्या कार्डावर टी-शर्ट निघाला. माझं कार्ड खरवडल्यावर त्या मुलाने डोक्याला हात लावला, आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, हे आठवड्यात एकदाच निघतं." बक्षीस काय, तर जोडप्यासाठी वाइन टेस्टिंग, जेवण आणि मांडवीवर सूर्यास्ताची क्रूझ. नंतर त्याच रस्त्यावर इतर जोडप्यांची कार्डं पाहिली. एकाला टी-शर्ट, दुसऱ्याला 'आठवड्यात एकदाच'. दर वेळी हेच. जोडपं हॉलच्या दारापर्यंत पोचवलं की मुलाचं कमिशन पक्कं, पुढे आपण सही करा की नका करू.

"फक्त दीड तास, काही विकत घ्यायचं नाही," असं सांगून टॅक्सीही त्यांनीच पाठवली. ती त्यांची असते, त्यामुळे उठून जायचं म्हटलं तर वाहन नाही. हॉटेलच्या मागच्या बाजूला बिनखिडक्यांचा एक हॉल, पंधरावीस गोल टेबलं, कानठळ्या बसतील असं संगीत. शेजारच्या टेबलावरचं ऐकू येऊ नये आणि आपसात बोलताही येऊ नये, यासाठी ते संगीत. आधी एक फॉर्म भरून घेतला. उत्पन्न किती, कार्डं किती, कोणत्या बँकेची, गेल्या तीन वर्षांत कुठे फिरलात. 'पाहुण्यांची नोंद' असं त्या फॉर्मचं नाव होतं.

आता ते टेस्टिंग. रुमालात गुंडाळलेल्या तीन बाटल्या आणि औषधाच्या झाकणाएवढे प्लास्टिकचे पेले. "हा ओरिजिनल पोर्तुगीज पोर्ट, मॅडम." नवरा हसला. पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या उत्तरेतल्या दोरो नदीच्या खोऱ्यातली वाइन. त्या भागाची हद्द १७५६ साली आखून दिलेली. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाची ब्रँडी ओततात, आंबणं थांबतं आणि साखर आत राहते. गोव्यात 'पोर्ट वाइन' म्हणून जी गोड लाल बाटली दुकानात काही शे रुपयांना मिळते, ती वेगळी गोष्ट. ती वाईट आहे असं नाही, लोक आवडीने पितात. पण तिच्यासाठी रुमाल कशाला? नाशिकला गंगापूर धरणाकडच्या वायनरीत टेस्टिंगला बसलात तर बाटलीचं लेबल समोर असतं, आधी पांढरी मग लाल असा क्रम असतो, प्यायची नसेल तर थुंकायला भांडं असतं आणि शंका विचारली तर उत्तर मिळतं. इथे तिन्ही पेले एकाच बाटलीतले असावेत असं आम्हाला तेव्हाच वाटलं. लेबल दाखवा म्हटल्यावर मुलगी हसून म्हणाली, "सरप्राइज आहे सर." पेले भरत मात्र राहिली.

मग आमच्या टेबलावर टाय लावलेला एक मुलगा आला. मराठीच. कोऱ्या कागदावर तो उलटं लिहीत होता, म्हणजे आम्हाला सुलटं वाचता यावं म्हणून. ते कसब बघण्यासारखं होतं. फिरण्यावर वर्षाला किती खर्च करता? साठ हजार म्हटलं. महागाई दहा टक्के धरून दहा वर्षांचे साडेनऊ लाख झाले. हिशेब बरोबर आहे, मी घरी येऊन करून पाहिला. खोट होती दुसरीकडे. साठ हजारांत आमचं रेल्वेचं तिकीट, खाणं, रिक्षा, खरेदी सगळं आलं होतं. मेंबरशिपमध्ये फक्त खोली मिळते. बाकीचा खर्च तसाच होणार होता, पण कागदावर तो कुठे दिसतच नव्हता.

त्याच कागदावर त्याने पुढे लिहिलं: दरवर्षी सहा रात्री, देशात कुठेही, दिवाळी-मे धरून, नको असेल तर पैसे परत, न वापरलेल्या रात्री कंपनी भाड्याने देऊन पैसे देणार. प्रत्येक ओळीखाली दोन रेघा. किंमत दोन लाख पंच्याऐंशी हजार. आम्ही नाही म्हटल्यावर त्याचा साहेब आला, खुर्ची उलटी करून बसला, मुलाला आमच्यासमोर झापलं आणि "तुमच्यासाठी" म्हणून एक लाख साठ हजारांवर आला. पण आज, आत्ता. उद्या फोन केला तर जुनीच किंमत. मध्येच माइकवर कुणा जोडप्याचं अभिनंदन झालं, सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. तेच जोडपं दुसऱ्या दिवशी दुपारी बाणावलीच्या एका शॅकमध्ये त्याच टायवाल्या मुलासोबत जेवत होतं.

दीड तासाचे चार तास झाले होते. पन्नास हजार कार्डावर आणि उरलेले हप्त्यांनी, असं ठरलं. इंग्रजीतला चौदा पानी करार, बारीक टाइप, फुल्या मारलेल्या जागी सह्या, मग ओटीपी. नवऱ्याने तो हाताने लिहिलेला कागद मागितला. "सर, ही आमची वर्किंग शीट असते, फाइलला लागते." फोटो काढायला मोबाइल वर केला तर साहेबाने सहज हात ठेवल्यासारखं करून कागद ओढून घेतला.

दाव्याला लागला असता असा तेवढा एकच कागद होता. करारात एक कलम असतं, आमच्यात ते अकराव्या पानावर होतं: प्रतिनिधीने तोंडी दिलेली कोणतीही आश्वासनं कंपनीवर बंधनकारक नाहीत. म्हणजे चार तासांत जे जे ऐकलं ते सगळं एका ओळीत रद्द. सणासुदीचे दिवस 'उपलब्धतेनुसार'. रक्कम ना-परतावा. वर्षाचं देखभाल शुल्क गेलात काय, न गेलात काय, भरायचंच, आणि ते किती वाढवायचं हे कंपनी ठरवणार. दिवाळीसाठी ऑगस्टमध्ये फोन केला, खोली नाही. नाताळात नाही. मार्चमध्ये आहे म्हणाले, पण जिथे आहे म्हणाले तिथे आधी शुल्क भरा. आणि ती जिंकलेली क्रूझ? तीस दिवस आधी नोंदणी आणि माणशी अठराशे रुपये 'इंधन व सेवा आकार'.

याच्यापुढचा प्रकार जास्त घातक आहे, कारण तो आधी फसलेल्यांनाच गाठतो. करारानंतर काही महिन्यांनी फोन आला. "मॅडम, तुमची मेंबरशिप रद्द करून पूर्ण रक्कम परत मिळवून देतो." त्यांच्याकडे आमचा मेंबरशिप क्रमांक, सहीची तारीख, रक्कम सगळं होतं. ही यादी कुठून बाहेर गेली ते सांगायला नको. व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभ छापलेलं पत्र आलं. अट एकच, परताव्यावरचा अठरा टक्के जीएसटी आधी भरायचा, तो 'रिफंडेबल'. परत मिळणाऱ्या पैशांवर आधी कर भरा असं कोणतंही सरकारी खातं फोनवर सांगत नाही. असा फोन आला तर संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' म्हणून सोय आहे, तिथे नंबर कळवता येतो. पैसे गेलेच तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० लावायचा.

युरोपीय संघात टाइमशेअरची सही केल्यावर चौदा दिवसांत विनाकारण माघार घेता येते आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे घ्यायलाही बंदी आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर सही करणाऱ्याला असं काही संरक्षण नाही. करारात काही दिवस दिले असतील तर तेवढेच. म्हणून खोलीवर पोचताच, त्याच रात्री, करारातलं माघारीचं कलम शोधा आणि रद्द करत असल्याचं ईमेलने आणि स्पीड पोस्टने कळवा. फोनवर बोलत बसू नका. ते गोड बोलून ते दिवस घालवतात.

आमच्या बँकेने कार्डाच्या पन्नास हजारांचा वाद फेटाळला, कारण व्यवहार ओटीपीने झाला होता. हप्ते थांबवायचे म्हटलं तर ते कर्ज वेगळ्याच फायनान्स कंपनीचं निघालं, सिबिल खराब होणार ते आमचं. त्यामुळे हप्ते भरत राहिलो आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीचं उत्तर आलं: सदिच्छा म्हणून मुदत एक वर्ष वाढवून देतो. नको म्हणून कळवलं आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो.

इथे दोन गोष्टी कुणी सांगत नाही. करारात 'फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात' असं लिहिलेलं असतं, त्याला घाबरून लोक गप्प बसतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. लवादाचं (वाद कोर्टाऐवजी पंचाकडे न्यायचं) कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही. आम्ही स्क्रॅच कार्ड, टॅक्सीवाल्याचा मेसेज, खोली नाकारल्याचे ईमेल आणि फोन केल्याच्या तारखा एवढं जोडलं. ते कार्ड माझ्या पर्समध्ये राहिलं होतं. त्यावर 'कोणतीही खरेदी आवश्यक नाही' असं छापलेलं आहे.

तक्रारीला मुदत दोन वर्षांची असते. कंपनी 'यंदा नाही, पुढच्या वर्षी नक्की' म्हणत राहते ते ही मुदत सरावी म्हणून. आमची सुनावणी सुरू आहे, पहिल्या तारखेला त्यांच्यातर्फे कुणी आलं नाही. ज्यांनी गेल्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये असल्या हॉलमध्ये सही केली असेल, त्यांनी करार काढून आधी तारीख बघा, मग तोंडी आश्वासनांचं ते कलम.