अर्ल की मार्क्विस?
इंग्लंडच्या मानाच्या उतरंडीत ड्यूकच्या खालोखाल मार्क्विस आणि मग अर्ल. पण मला विचाराल तर खरा मुरलेला किताब अर्लचाच. अकराव्या शतकात, कनूट राजाच्या काळात, अर्ल मोठमोठ्या प्रांतांचा कारभार बघत. मार्क्विस तिथे उगवला थेट १३८५ मध्ये, राजाच्या मर्जीतल्या रॉबर्ट डी व्हेर या सरदारासाठी, आणि इतर सरदारांच्या डोळ्यांत खुपला. १४०२ मध्ये जॉन बोफर्ट या सरदाराला त्याचा गेलेला मार्क्विस किताब परत द्या, अशी संसदेत मागणी झाली, तर त्यानेच नकार दिला. हे नाव या राज्यात परकं आहे, म्हणे! वसईच्या तहाच्या वेळचा गव्हर्नर जनरल वेलस्ली आधी अर्ल ऑफ मॉर्निंग्टन होता. टिपूच्या पाडावानंतर १७९९ मध्ये तो मार्क्विस झाला, पण आयर्लंडच्या यादीतला, म्हणजे इंग्लंडच्या यादीपेक्षा कमी मानाचा. साहेब भलतेच नाराज झाले.