वायफाय दिसेना म्हणून मी फोन केला

घरचा राउटर बदलला त्या दिवशी मोबाइलवर नेट लगेच सुरू झालं. माझ्या २०१२च्या लॅपटॉपवर मात्र आमच्या वायफायचं नावच येईना. आजूबाजूच्या घरांची नावं यादीत दिसत होती, आमचंच तेवढं नव्हतं. खरं उत्तर त्या यादीतच होतं, पण मला ते तेव्हा वाचता आलं नाही.

राउटर बंद-चालू केला, लॅपटॉप रीस्टार्ट केला, एअरप्लेन मोड तपासला, कडेचं वायफायचं बटण मागेपुढे केलं, वायफाय चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून परत टाकला. काही फरक नाही. संध्याकाळपर्यंत एक काम पाठवायचंच होतं. त्या घाईत मोबाइलवर लॅपटॉपच्या कंपनीचं नाव आणि पुढे ‘हेल्पलाइन’ असं टाकून शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरावर फोन लावला. ती जाहिरात होती. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर मी गेलेच नाही.

पलीकडचा माणूस फार अदबीने बोलत होता. त्याने आधी केबल लावून राउटर आणि लॅपटॉप जोडायला सांगितलं. जोडल्याबरोबर नेट सुरू झालं. मग एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला आणि त्यात दिसणारा आकडा विचारला. आकडा सांगताच माझा माउस तो चालवू लागला.

“मॅडम, तुमच्या नेटवर्कमध्ये हॅकर शिरलेत. तुमचा आयपी ब्लॉक झालाय, म्हणून वायफाय दिसत नाहीये.”

केबलवरून नेट व्यवस्थित चालू असताना तो हे सांगत होता. त्याच नेटवरून तो माझ्या लॅपटॉपमध्ये आला होता. ब्लॉक असतं तर तो आला असता कसा, हा प्रश्न मला पडला नाही, कारण तोवर त्याने स्क्रीनवर लाल खुणा दाखवायला सुरुवात केली होती.

पुढचं जरा सविस्तर लिहिते, कारण त्याने दाखवलेली प्रत्येक गोष्ट माझ्या लॅपटॉपमध्ये खरोखरच होती. खोटा होता तो फक्त तिचा अर्थ.

त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडला. लाल गोल, पिवळे त्रिकोण, ‘एरर’, ‘वॉर्निंग’, खाली खाली नुसत्या ओळी. “एवढे हल्ले झालेत, मॅडम.” ही विंडोजची रोजची नोंदवही आहे. एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला, एखादा प्रोग्रॅम अर्ध्यात बंद पडला, तरी तिथे खूण पडते. उत्तम चालणाऱ्या संगणकावरही अशा नोंदी ढिगाने असतात. आत्ता उघडून पाहा, तुमच्याही असतील.

मग काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून त्याने नेटस्टॅट ही आज्ञा दिली. आलेल्या तक्त्यात एका रकान्यावर ‘फॉरेन ॲड्रेस’ असं लिहिलेलं असतं. “बघा, परदेशातून लोक जोडलेत.” तिथे फॉरेनचा अर्थ परदेश नाही. आपला संगणक ज्याच्याशी बोलतोय त्या पलीकडच्या टोकाचा पत्ता, एवढंच. ब्राउझर उघडा असला तरी त्या रकान्यात पत्ते येतात.

तिसरी चाल मला सगळ्यात जास्त लागली. असॉक अशी आज्ञा देऊन त्याने लांबलचक यादी आणली आणि शेवटच्या ओळीतला ८८८डीसीए६०ने सुरू होणारा क्रमांक मला कागदावर लिहून घ्यायला सांगितला. मग त्याने “त्याच्याकडच्या नोंदीतला” क्रमांक वाचून दाखवला. तंतोतंत तोच. “हा तुमचा लायसन्स क्रमांक, आता खात्री पटली ना?” पटली. पुढे कळलं की फाइल झिप करून पाठवण्याच्या सोयीशी जोडलेला हा क्रमांक विंडोजच्या सगळ्या संगणकांवर सारखाच असतो.

पैसे मी कार्डाने भरले, त्याने उघडून दिलेल्या पानावर, माझ्याच कीबोर्डवरून. त्यानंतर तासभर त्याने काहीबाही ‘साफ’ केलं. वायफाय काही आलं नाही. “चोवीस तास लागतील,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नेटवर्कचं काम करणाऱ्या मैत्रिणीला हे सांगितलं. तिने आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करायला लावलं. मग केबल काढली, तो प्रोग्रॅम उडवला (लॅपटॉप सुरू झाला की माझ्या परवानगीशिवाय आत येता येईल अशी सोय त्याने त्यात करून ठेवली होती) आणि सगळे पासवर्ड मोबाइलवरून बदलायला सांगितले, लॅपटॉपवरून नाही. माझ्या फायली काढून घेऊन विंडोज नव्याने टाकलं. एवढं झाल्यावर ती वायफायकडे वळली.

“अगं, तुझं वायफाय कार्ड २.४ गिगाहर्ट्‌झचं आहे. राउटर फक्त ५ वर चालू आहे. याला ते नाव दिसणारच नाही.” २.४ आणि ५ हे वायफायचे दोन रेडिओ पट्टे. शेजारच्यांची नावं २.४वर होती, म्हणूनच ती माझ्या यादीत दिसत होती.

काळ्या खिडकीत ‘नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ (netsh wlan show drivers) ही आज्ञा इंग्रजीत टाकली की कार्ड काय काय पकडतं ते कळतं. ‘रेडिओ टाइप्स’च्या ओळीत माझ्याकडे ८०२.११ बी, जी आणि एन एवढंच होतं; ही वायफायच्या प्रकारांची नावं. ए किंवा एसी तिथे असतं तर कार्डाला ५ गिगाहर्ट्‌झ कळलं असतं. तिने राउटरच्या सेटिंगमध्ये बंद असलेला २.४चा पट्टा चालू केला आणि त्याला वेगळं नाव दिलं. नाव लगेच दिसलं, पण जोडणी होईना. पासवर्ड बरोबर असूनही नकार. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवलेली होती. ही पद्धत २०१८ साली आली, माझा लॅपटॉप त्याच्या सहा वर्षं आधीचा. जुनी डब्ल्यूपीए२ आणि नवी ३ मिळून असलेला पर्याय निवडला आणि वायफाय जोडलं गेलं. सगळी दुरुस्ती राउटरच्या पानावरच झाली, लॅपटॉपमध्ये बिघाड नव्हताच. राउटर आपल्या ताब्यात नसेल तर दोन्ही पट्टे पकडणारा यूएसबी वायफाय ॲडॉप्टर लावूनही काम होतं.

म्हणून तुमच्या जुन्या लॅपटॉपला घरचं वायफाय दिसत नसेल तर कुणालाही फोन करण्याआधी मोबाइलचा हॉटस्पॉट २.४वर ठेवून जोडून पाहा. जोडला गेला तर कार्ड जिवंत आहे, राउटरकडे बघा. आणि विंडोजच्या नावाने आलेल्या इशाऱ्यात फोन नंबर असेल तर तो इशारा बनावट आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या संदेशात फोन नंबर नसतो.

बँकेत तक्रार दिली आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत. काही आठवड्यांनी पुन्हा एक फोन आला. आवाज वेगळा, अदब तीच. “मॅडम, आमची सेवा बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत. फक्त लॅपटॉप सुरू करा आणि बँकेचं पान उघडा.” मी फोन ठेवला, तो नंबर लिहून घेतला आणि आधीच्या तक्रारीला जोडला.