माउंट व्हर्नन की माँटिसेलो?

वॉशिंग्टनला निघालेल्या मामेबहिणीने विचारलं, "गुलाम स्वयंपाक्यांचं आयुष्य समजून घ्यायचंय. एकच दिवस आहे, कुठला मळा बघू?"

अंतराचं सोपं आहे. माउंट व्हर्नन, म्हणजे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनचा मळा, शहरापासून साधारण २५ किलोमीटर; तर माँटिसेलो, म्हणजे तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनचा मळा, जवळपास १९०.

स्वयंपाकघर म्हणशील तर माँटिसेलो सरस. १८०९ च्या सुमारास तिथे आठ शेगड्यांचा विटांचा ओटा होता. वेगवेगळी आच सांभाळत फ्रेंच सॉस करायचे, म्हणजे कसबाचंच काम. माउंट व्हर्ननचं स्वयंपाकघर वाड्याबाहेर, वेगळ्या इमारतीत. तिथे मुख्य काम उघड्या चुलाणावर चाले.

खरा फरक माणसांच्या कहाण्यांत आहे. वॉशिंग्टनचा स्वयंपाकी हर्क्युलिस २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, मालकाच्या वाढदिवशीच, पळाला आणि स्वतंत्र झाला. मुलं मात्र मागेच राहिली. जेफरसनच्या जेम्स हेमिंग्सने पॅरिसमध्ये पाककला शिकली. सुटका मिळाली १७९६ मध्ये, तीही भावाला सगळं शिकवल्यावर. एडिथ फॉसेट तर जेफरसनच्या मृत्यूपर्यंत माँटिसेलोत रांधत राहिली. त्याने मृत्युपत्रात तिच्या नवऱ्याला मुक्त केलं, पण ती आणि मुलं त्याच्या मृत्यूनंतर, १८२७ मध्ये, लिलावात विकली गेली. हे मला अजून पचत नाही.

लहान मुलं बरोबर असतील किंवा दुपारपर्यंत परतायचं असेल, तर माउंट व्हर्ननला जा. पण कसब, कुटुंब आणि विक्री हे सगळं एकत्र पाहायचं असेल, तर पहाटे निघ आणि माँटिसेलो गाठ. मी तेच निवडेन.