प्रश्नकुंडलीचा वर्ग आणि पुण्यात अडकलेलं सॉफ्टवेअर : काही महिन्यांच्या वापरानंतर

"मॅडम, पुणे काय नि इंदूर काय, घड्याळ तर एकच आहे ना!"

ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या ग्राहकसेवेतल्या मुलानं मला हे ऐकवलं, म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर वर्ग संपल्यावर चार बरे शब्द लिहून मोकळी होणार होते. कंपनीचं नाव घेत नाही. ज्यांनी हेच घेतलंय त्यांना दुसऱ्या परिच्छेदातच कळेल.

तर वर्ग कृष्णमूर्ती या ज्योतिषांच्या पद्धतीनं प्रश्नकुंडली (म्हणजे प्रश्नाच्या वेळेवरून मांडायची कुंडली) शिकवण्याचा, झूमवर, सर पुण्याचे. शुल्क साडेपाच हजार. सॉफ्टवेअर वेगळं, वर्षाचे बत्तीसशे, आणि "हेच घ्या, म्हणजे सगळ्यांचे आकडे सारखे येतील" असा आग्रह. मी हिशोब खात्यातून निवृत्त झालेय. आकडे सारखे येतात म्हणजे बरोबर येतात असं नाही, हे मला कुणी शिकवायला नको. तरीही भरले. दर महिन्याला इंदूरच्या सराफ्यात खाण्यावर जेवढे उडतात त्या मानानं काहीच नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

आता मुख्य तक्रार. घेताना मी गाव इंदूर निवडलं होतं. मध्ये कधीतरी अपडेट आलं आणि गाव गुपचूप मूळपदावर, म्हणजे पुण्यावर, गेलं. पडद्यावर कुठेही ठळक दिसत नाही. छापील कुंडलीच्या तळाशी करड्या, मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. मे महिन्यात सकाळी पावणेसहाला गच्चीत कपडे वाळत घालताना ऊन डोळ्यांवर आलं होतं, आणि खाली येऊन सॉफ्टवेअर उघडलं तर त्याच्या मते सूर्य उगवायला अजून पंधरा मिनिटं होती. तेव्हा गाडी रुळावरून घसरलीय हे कळलं. वार सूर्योदयाला बदलतो. त्या पंधरा मिनिटांत कुणी प्रश्न विचारला असता तर वाराचा स्वामी सरळ आदल्या दिवसाचा आला असता.

मग इतके महिने का कळलं नाही? हे मी दोन रात्री बसून शोधून काढलं आणि कंपनीलाही लिहून पाठवलं (उत्तर : "आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद"). इंदूर ७५ अंश ५२ कला पूर्व, पुणे ७३ अंश ५१ कला. दोन अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे आठ मिनिटं. पण शिवाय आपण पुण्याच्या चार अंश उत्तरेला आहोत. हे दोन फरक काही लग्नांना (लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास) एकमेकांना खाऊन टाकतात आणि काही लग्नांना एकमेकांत मिळतात. धनू लग्न उगवत असताना पुणे आणि इंदूर जवळजवळ एकच अंश दाखवतात. मिथुन लग्नाला मात्र साडेतीन-पावणेचार अंशांचं अंतर पडतं. माझा सराव सुरू झाला धनुर्मासात, सकाळी पूजा आटोपल्यावर. म्हणजे सूर्य धनूत आणि लग्नही धनूच. सगळं जुळायचं. सूर्योदयसुद्धा त्या दिवसांत दोन्हीकडे जवळपास एकाच मिनिटाला असतो. चोर सापडणार कसा?

आता ज्यांना वाटतंय की बाई दोन-तीन अंशांसाठी एवढं काय भांडतेय, त्यांच्यासाठी. पारंपरिक पद्धतीत तीन अंश एक वेळ चालून जातात, रास तीच राहते. कृष्णमूर्तींनी १३ अंश २० कलांच्या नक्षत्राचे विंशोत्तरीच्या (नऊ ग्रहांत १२० वर्षं वाटणाऱ्या दशापद्धतीच्या) वर्षांच्या प्रमाणात नऊ तुकडे केले. शुक्राची २० वर्षं म्हणून त्याचा तुकडा सव्वादोन अंशांच्या जवळ, रवीची ६ म्हणून त्याचा फक्त ४० कलांचा. लग्न तो तीनेक मिनिटांत ओलांडतं. आणि हो की नाही हे ठरवायचं त्याच तुकड्याच्या स्वामीनं, म्हणजे सबलॉर्डनं. असं असताना मला आठ मिनिटं विसरायला सांगताय?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या जाऊबाईंची नथ हरवली. दुपारचे चार वाजले असतील. मी उत्साहात वेळेची कुंडली मांडली. सॉफ्टवेअरनं लग्न दिलं मिथुन, आर्द्रा नक्षत्र. दुसरं (धनाचं) आणि अकरावं (लाभाचं) स्थान तपासून मी सांगितलं की मिळणं कठीण दिसतंय. जाऊबाईंचा चेहरा पडला आणि सगळ्यांच्या नजरा कामवाल्या मावशींकडे वळल्या. इथे सरांचा एक नियम मला फार आवडला, तो मी तिथल्या तिथे वापरला : हरवलेल्या वस्तूच्या प्रश्नात सातव्या स्थानावरून चोराचं वर्णन जुन्या ग्रंथांत कितीही दिलेलं असो, माणसाकडे बोट दाखवायचं नाही. नथ रात्री वाणाच्या पिशवीत सापडली, प्लास्टिकच्या डब्यांच्या खाली. मे महिन्यात इंदूर घालून तीच कुंडली पुन्हा मांडली तर लग्न आर्द्रेतून निघून पुनर्वसूत, राहूऐवजी गुरूच्या नक्षत्रात, आणि अकराव्याचा सबलॉर्ड अनुकूल. आता हे पुरावा म्हणून सांगत नाही. नथ मिळाल्यावर कुठलीही कुंडली "मिळेल" म्हणून वाचता येते, तेवढी अक्कल मला आहे. पण चुकायचंच तर माझ्या गावच्या कुंडलीनं चुकू दे!

ग्राहकसेवेनं आधी स्क्रीनशॉट मागितला. मग काढून पुन्हा टाकायला सांगितलं. त्यात साठवलेल्या कुंडल्या राहिल्या, पण प्रत्येक उघडून गाव बदलून पुन्हा गणित करायचं. मग एक दिवस तक्रार परस्पर "निकाली" दाखवून बंद. पुन्हा फोन केला तेव्हा वरचं घड्याळाचं वाक्य. मी त्याला विचारलं, "बेटा, तुझं गाव कुठलं?" म्हणाला नागपूर. "मग नागपूरला आणि मुंबईला सूर्य एकदम मावळतो का रे?" गप्प. दोन दिवसांनी त्यांच्या वरिष्ठांचा फोन आला, पुढच्या आवृत्तीत गाव वर ठळक दिसेल म्हणाले. आली आवृत्ती. गाव वर आलंय, अक्षरं तेवढीच.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि एक तारा देऊन मोकळी होणार होते. पण वही काढून शांतपणे बघितलं, तर थोडं मागे घ्यावं लागतंय. ग्रहांचे अंश गावावर जवळजवळ अवलंबून नसतात, ते बरोबरच होते. दशाही बरोबर. आणि ज्या पद्धतीला मी सुरुवातीला नाक मुरडलं होतं, ती १ ते २४९ आकड्यांची, तिचं तर लग्न या घोळातून सहीसलामत सुटलं, कारण तिथे लग्न आकड्यावरूनच येतं. २७ नक्षत्रं गुणिले नऊ तुकडे म्हणजे २४३, आणि सहा ठिकाणी तुकडा राशीच्या सीमेवर दुभागतो म्हणून २४९. मला हे आधी निव्वळ ढोंग वाटायचं. पृच्छकानं मनात येईल तो आकडा सांगायचा आणि त्यावरून आकाश मांडायचं? ढोंग अजूनही थोडं वाटतंच, पण सोय मोठी आहे. बाकीचे भाव, म्हणजे स्थानं, मात्र अक्षांशाप्रमाणे सरकतात, काही लग्नांना दशम दोनेक अंशांनीही हलतो, आणि उत्तर काढतानाच्या शासक ग्रहांत (त्या क्षणावर अंमल असलेल्या ग्रहांत) तर खरं लग्नच धरायचं असतं. म्हणजे नुकसान झालं ते अर्धं. तारे दोन करते.

आकड्यांबद्दल एक गंमत. आपल्या लोकांना आकडा सांगा म्हटलं की निम्मे जण १०८ म्हणतात. नाहीतर गणपतीचे २१. १०८ म्हणजे कन्या लग्न, उत्तरा नक्षत्र रवीचं आणि सब शनीचा. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नोकरी, लग्न, व्हिसा, सासूबाईंचा मोतीबिंदू, सगळ्यांच्या लग्नाचा सब शनीचाच! सरांना विचारलं तर म्हणाले, ज्याच्या मनात जो आला तो आला. मला नाही पटलं. मी आता सरळ सांगते की तीन आकडी सांगा आणि जपमाळेचा नको.

वर्गाबद्दल. पहिले काही आठवडे सगळा वेळ तक्ते पाठ करण्यात गेला आणि मला पैसे बुडाल्यासारखं वाटत होतं. नोकरीला २, ६, १०, ११ ही स्थानं. विवाहाला २, ७, ११. घर घ्यायचं तर ४, ११, १२, विकायचं तर ३, ५, १०. ही यादी कुठल्याही पुस्तकात मिळते, तिला झूम कशाला? इतिहासाचा एक तास बरा होता. १६३८ साली लंडनच्या विल्यम लिलीचे मासे चोरीला गेले आणि त्यानं कुंडली मांडून चोर शोधला, ही गोष्ट सरांनी रंगवून सांगितली. आमच्या इथून तासाभरावर अवंतीचे वराहमिहिर होऊन गेले, त्यांच्या मुलानं, पृथुयशानं, प्रश्नशास्त्रावर ५६ श्लोक रचले असं परंपरा सांगते. त्यांना मात्र एक वाक्य. मी चॅटमध्ये लिहिलं, वाचलं गेलं नाही.

पैसे वसूल झाले ते प्रश्न कसा घ्यायचा या भागात. त्यासाठी मी सरांना हात जोडते. प्रश्न एकच हवा, त्याला मुदत हवी, आणि नंतर खरं-खोटं ठरवता येईल असा हवा. "मुलाचं कसं होईल" हा प्रश्नच नाही. त्याच आठवड्यात नाशिकहून नणंदेचा फोन आला.

"वहिनी, फ्लॅटचं काय होईल ते बघ ना."

"विकला जाईल का, हे विचारताय?"

"हो. म्हणजे चांगल्या भावाला."

"चांगला भाव म्हणजे किती?"

"ते यांना विचारावं लागेल. आणि दादा हिस्सा मागेल का तेही बघ."

"वन्सं, हे तीन प्रश्न झाले. आधी कुठला?"

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खरं सांगू? मला तो विकायचाच नाहीये. ह्यांना विकायचाय." कुंडली मांडलीच नाही. चंद्र पृच्छकाचं मन दाखवतो आणि तो प्रश्नाशी जुळत नसेल तर उत्तर देऊ नये, असा या पद्धतीत नियम आहे. इथे चंद्रापर्यंत जायची गरज पडली नाही.

आणखी एक भांडण वर्गात फार रंगलं. बंगळूरहून भाचीनं फोनवर विचारलं तर कुंडली कुठल्या गावची? सरांचं उत्तर ठाम : ज्योतिषी जिथे बसून उत्तर काढतो तिथली. म्हणजे माझ्यासाठी कायम इंदूर. आणि सॉफ्टवेअर कायम पुणे! (विषय सुटत नाही, माहीत आहे.)

खरं किती येतं, हे विचारणारच तुम्ही. माझा इंजिनियर भाचा पहिल्या दिवसापासून नारळीकरांची चाचणी तोंडावर मारतोय : २००८ च्या सुमारास डॉ. जयंत नारळीकर आणि अंनिसच्या मंडळींनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांना ओळखायला दिल्या, प्रत्येकाला ४०. उत्तरं पाठवली २७ जणांनी आणि सरासरी आली ४६ टक्के. नाणं उडवलं तरी यापेक्षा बरं. मी त्याला सांगते की त्या जन्मकुंडल्या होत्या, प्रश्नकुंडल्या नव्हत्या. तो म्हणतो, मग तू तुझी चाचणी घे. घेतेय. जुन्या लेजरच्या वहीत रकाने आखलेत : प्रश्न, आकडा, उत्तर, मुदत, झालं की नाही. उत्तर आधी पेनानं लिहायचं, पेन्सिलीला बंदी. "थोडंफार झालं" असा रकाना ठेवलेला नाही, कारण सगळी फसवणूक तिथूनच सुरू होते. आतापर्यंतची वही बघून मला भाच्यासमोर मिरवता येणार नाही, एवढं सांगते. हो-नाहीची उत्तरं मधेच कुठेतरी लोंबकळतात. "कधी" या प्रश्नाची तर दाणादाण आहे, दशा-अंतर्दशा-विदशा लावून काढलेली तारीख क्वचितच पाळली जाते. त्यातल्या निम्म्या नोंदी पुणेरी लग्नाच्या असल्यामुळे चाचणीही बाद, आणि हे भाच्याला सांगितलं की तो हसतो.

वर्ग घ्यावा का? हिशोबाची आवड असेल आणि कुणाला भविष्य सांगून पैसे घ्यायचे नसतील तर घ्या. घरात कुणी आजारी असताना प्रश्न मांडायचा मोह होणारच असेल तर नका घेऊ. सहावं, आठवं, बारावं स्थान बघत बसण्यापेक्षा डॉक्टरांचा फोन आधी लावा. सॉफ्टवेअर घेऊ नका. फुकट मिळणारी ॲप चालतात, फक्त अयनांश (राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची तो फरक) कृष्णमूर्ती आणि भाव आखायची पद्धत प्लॅसिडस आहे ना, ते बघा. लाहिरी हा दुसरा अयनांश ठेवलात तर सहाएक कलांचा फरक पडतो आणि सब सीमेवर असला की उडी मारतो. गाव यादीतून निवडू नका, हातानं टाका : इंदूरकरांनी २२ अंश ४३ कला उत्तर, ७५ अंश ५२ कला पूर्व. मग त्या दिवशीचा सूर्योदय स्थानिक वर्तमानपत्राशी ताडून बघा. हिवाळ्यात नको, हिवाळ्यात ते खोटं बोलतं.

सॉफ्टवेअरचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. "विशेष सवलत" म्हणून दोनशे रुपये कमी केल्याचा संदेश रोज येतो. मी कळवलंय की आठ मिनिटांचे आधी परत करा. सरांच्या पुढच्या वर्गाचं शुल्क सात हजार आहे, ते दोन हप्त्यांत चालेल का असं विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.