तीन राउंडची बॉक्सिंग की बारा राउंडची?

राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोहोचलेल्या बॉक्सरपुढे प्रश्न येतोच: हौशी गटात राहावं की प्रोफेशनल व्हावं? घरात बोलणं पैशांवर आणि पदकांवर होतं. माझ्या मते पहिला विचार वेळेचा हवा, कारण कोणता बॉक्सर जिंकणार हे बाउटच्या, म्हणजे लढतीच्या, लांबीवर फार अवलंबून असतं.

हौशी बाउट तीन-तीन मिनिटांच्या तीन राउंडची. पहिला राउंड हरलात की गुणांवर जिंकायला पुढचे दोन्ही घ्यावेच लागतात. समोरच्याला वाचत बसायला वेळ नाही. म्हणून इथे चपळ पाय, लांबून सरळ ठोसे आणि दोन-तीन ठोसे मारून झटकन बाहेर पडणं चालतं. बरगड्यांवर केलेल्या माऱ्याचा परिणाम दिसायला लागेपर्यंत शेवटची घंटा होते.

लांब बाउटमध्ये तोच मारा भांडवल ठरतो. सुरुवातीचे दोन राउंड हरूनही सावरता येतं. 16 सप्टेंबर 1981 ला लास व्हेगासमध्ये पंधरा राउंडच्या लढतीत तेरा राउंडनंतर टॉमी हर्न्स तिन्ही जजांच्या गुणांच्या कार्डांवर पुढे होता. शुगर रे लेनर्डने त्याला चौदाव्यात थांबवलं. बाराव्याला घंटा झाली असती तर विजेता हर्न्स. अर्थात बाराच राउंड आहेत हे ठाऊक असतं तर लेनर्डही आधीच तुटून पडला असता. लांबी बदलली की डावपेचही बदलतात, ते हे असे.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1982 मध्ये, रे मन्सिनीविरुद्ध चौदाव्या राउंडमध्ये कोसळलेला कोरियाचा किम डूक-कू काही दिवसांत गेला. त्यानंतर जागतिक किताबाच्या लढती पंधरावरून बारा राउंडवर आल्या. थकलेल्या शरीराने डोक्यावर मार खाणं किती महाग पडतं, हे निर्णय घेणाऱ्याने आणि त्याच्या आईवडिलांनी नीट समजून घ्यावं. मला हा मुद्दा पैशांहून मोठा वाटतो.

प्रोफेशनल झाल्याबरोबर कुणी बारा राउंड खेळत नाही. चार, सहा, आठ असं चढत जायचं असतं. विजेंदर सिंगने बीजिंग ऑलिंपिकमध्ये 2008 साली कांस्य जिंकलं तेव्हा हौशी बाउट दोन मिनिटांच्या चार राउंडची होती. 2015 मध्ये मँचेस्टरला त्याची प्रोफेशनल सुरुवातही चार राउंडच्याच बाउटने झाली, आणि 2016 च्या जुलैत दिल्लीत तो केरी होपविरुद्ध पूर्ण दहा राउंड लढून जिंकला. आठ मिनिटांचा खेळाडू तीस मिनिटांचा झाला.

मुलींचं गणित वेगळं. प्रोफेशनलमध्ये त्यांचा राउंड बहुधा दोन मिनिटांचा आणि किताबाची लढत दहा राउंडची, तर हौशी गटात राउंड तीन मिनिटांचा. 2023 मध्ये अमांडा सेरानो तीन मिनिटांचे बारा राउंड लढली, पण तो अपवाद.

ठरवण्याआधी कोचच्या देखरेखीखाली, नव्या दमाचे जोडीदार बदलत सहा राउंड स्पारिंग (सरावाची लढत) करा. पाचव्यात जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, पहिल्यासारखाच जात असेल आणि हात हनुवटीपाशी असतील, तर लांब बाउट तुमच्यासाठी आहे. पहिल्या दोन राउंडमध्येच तुम्ही सर्वांत धारदार असाल, तर हौशी गटातच तुमचं बळ आहे. एकदा गेलं की परत येता येत नाही, असंही नाही: विकास कृष्ण प्रोफेशनल लढती खेळून टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरला होता.